चारही पर्याय चुकीचे

हाताशी कागद-पेन्सिल असेल तर एक प्रश्न लिहून घ्या. ‘या प्रश्नाचे उत्तर चार पर्यायांतून डोळे मिटून निवडले, तर ते बरोबर येण्याची संभाव्यता किती?’ पर्याय असे : अ – २५ टक्के, ब – ५० टक्के, क – ६० टक्के आणि ड – पुन्हा २५ टक्के.

स्पर्धा परीक्षांची सवय असलेला कोणीही चटकन २५ म्हणेल. पण २५ दोन ठिकाणी आहे. मग ते हाती लागण्याची संभाव्यता ५० टक्के झाली. बरे, ५० धरावे, तर तो पर्याय एकच. म्हणजे संभाव्यता २५. साठाचेही तेच. फिरून फिरून भोपळे चौक! मग आपण म्हणतो, हा विरोधाभास आहे.

मला ते मान्य नाही. चारांतला एक पर्याय बरोबर असलाच पाहिजे, हे आपण न तपासता गृहीत धरले. ते सोडून द्या. एकही पर्याय बरोबर नसेल, तर बरोबर उत्तर हाती लागण्याची संभाव्यता शून्य. शून्य यादीत नाही. म्हणजे खरोखरच एकही पर्याय बरोबर नाही. सगळे जुळले. पर्याय चुकीचे दिलेत, एवढेच.

गावातल्या न्हाव्याचे प्रसिद्ध कोडे याच जातीचे. जे स्वतःची दाढी करत नाहीत, त्या सर्वांची आणि फक्त त्यांचीच दाढी करणारा न्हावी स्वतःची दाढी करतो का? असा न्हावी असूच शकत नाही, हे त्याचे उत्तर. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९१८च्या व्याख्यानांत हे कोडे सांगितले, तेव्हा ते सोडवणे फारसे अवघड नाही, असेही सांगून टाकले होते.

आता कागदावरचे ६० खोडा आणि तिथे शून्य लिहा.

२५ आणि ५० पूर्वीसारखेच बाद. शून्य बरोबर म्हणावे, तर तो पर्याय निवडला जाण्याची संभाव्यता २५ टक्के आहे; तोही बाद. मग एकही बरोबर नाही म्हणू? तसे म्हटले की संभाव्यता शून्य होते, आणि शून्य तर ‘क’समोर लिहिलेले आहे! मघाशी ज्या वाटेने सुटलो, तीच बंद झाली. हा मात्र खरा विरोधाभास.

‘मी बोलतो ते सगळे खोटे’ या अशाच स्वतःवर उलटणाऱ्या वाक्याचा विचार प्राचीन व्याकरणकार भर्तृहरीने ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात केला आहे. बोलणाऱ्याला त्या ‘सगळ्या’त हे वाक्य धरायचे नसते, असे तो म्हणतो. तोडगा सुंदर आहे, पण इथे लागू पडत नाही. आपला प्रश्न उघडपणे स्वतःविषयीच विचारतो आहे.

कोणी म्हणेल, असा प्रश्नच निरर्थक. पण प्रश्नाचा एक शब्दही आपण बदललेला नाही. ६० असताना त्याला अर्थ होता, उत्तरही होते. सॉल क्रिप्के या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७५मध्ये हेच दाखवले : वाक्य विरोधाभासी आहे की नाही, हे नुसत्या त्याच्या रचनेवरून ठरत नाही, भोवतालच्या वस्तुस्थितीवरही ठरते. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. स्वतःविषयी बोलणाऱ्या प्रत्येक वाक्याला वाळीत टाकायचे कारण उरत नाही. प्रत्येक कोडे तपासूनच पाहावे लागते.

एक तुमच्यासाठी ठेवतो. प्रश्न तोच, पर्याय २५, २५, ५०, ५०. याला सुसंगत उत्तरे एक नव्हे, दोन आहेत. दोन्ही शोधून पाहा.