डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं



तपासणी आटोपते. ‘तू मेडिकलमधून औषधं घे, मी आलोच,’ म्हणून बायकोला पुढे पाठवलं जातं. मग दारापाशी थबकून गृहस्थ हळूच म्हणतात, ‘‘डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं.’’

२०२१च्या करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर आम्ही डॉक्टरांनी हे बरंच ऐकलं. माणूस ऑक्सिजनवरून उठून घरी आलेला, कामावरही रुजू झालेला. पण संबंधाच्या वेळी लिंगाला ताठरता येत नाही. ‘वय झालं’ म्हणावं, तर वय चाळिशीचं!

ताठरता येते ती रक्त भरल्यामुळे. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड निघतं, वाहिन्या सैलावतात, रक्त आत शिरतं. करोनानं घाला घातला तो याच अस्तरावर. मायामी विद्यापीठाच्या संशोधकांना तर दोन रुग्णांच्या लिंगाच्या ऊतींत, आजाराला सहा-आठ महिने उलटल्यावरही, विषाणूचे कण दिसले. दोघांवरून सगळ्यांचं निदान करता येत नाही, हेही खरं. त्यातच आजारात टेस्टोस्टेरॉन घटतं, स्टेरॉइडनं साखर वाढते, झोप उडते आणि एकदा जमलं नाही की पुढच्या वेळची धास्ती बसते. बऱ्याच जणांची तक्रार काही महिन्यांत ओसरते.

मूल हवं असलेल्यांसाठी एक सांगतो. कडक तापानं शुक्रजंतू घटतात आणि नवे तयार व्हायला अडीच महिने लागतात. ताप उतरल्याबरोबर वीर्यतपासणी करून हाय खाऊ नका. तसंच मोठेपणी गालगुंड झाले आणि वृषण सुजले, तरी सूज बहुधा एकाच बाजूला येते. कायमचं वंध्यत्व क्वचित.

ताठरतेच्या तक्रारीकडे दुर्लक्ष मात्र नको. लिंगाची धमनी जेमतेम एक-दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन-चार. वाहिन्या बिघडू लागल्या, तर कुरबूर आधी खाली सुरू होते, छातीत नंतर. म्हणून ही तक्रार घेऊन येणाऱ्याचं ब्लडप्रेशर, साखर आणि कोलेस्टेरॉल आम्ही तपासतो. एसटी स्टँडच्या भिंतीवरचे ‘गॅरंटी’वाले यातलं काही तपासत नाहीत. शरमेपोटी माणूस त्यांच्याकडे जातो, याचा थोडा दोष आम्हा डॉक्टरांकडेही येतो. आम्हीही आपण होऊन विचारत नाही.

आणि मित्राच्या सांगण्यावरून दुकानातून ताठरतेची गोळी आणू नका. हृदयविकारासाठी सॉर्बिट्रेट किंवा तसलं नायट्रेट चालू असेल, तर तिच्यातल्या सिल्डेनाफिलनं रक्तदाब एकदम कोसळतो. माणूस दगावू शकतो.