पंचाची दोरी

मंडळी, पंच हा शब्द आपल्याला नवा नाही. बांधाचा तंटा असो, भावाभावांची वाटणी असो, की जत्रेतली कुस्ती असो, पंच लागतोच. देशोदेशीचे खेळाडू जिथं जमतात तिथंही पंच लागतो. तो तिथं काय करतो, हे आज मी तुम्हाला सांगणार आहे. खेळाचं नाव लॉन बोल्स. नाव अवघड आहे, खेळ अवघड नाही.

पिंपरी-चिंचवडला लागूनच, वाकडकडून मुळा नदी ओलांडली की बालेवाडीचं क्रीडासंकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ते बांधलं. २००८ साली तिथं राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, परदेशची मुलं आली. कुस्ती झाली, मुष्टियुद्ध झालं, वजनं उचलली. लॉन बोल्स मात्र त्यात नव्हता. तो खेळ राष्ट्रकुलाच्या मोठ्या स्पर्धांत असतो. १९३० पासून, १९६६ चं एक साल सोडलं तर, तो दर वेळी खेळला गेला होता. पण आपला संघ त्यात पहिल्यांदा उतरला तो २०१० साली, दिल्लीत.

लहानपणी गोट्या कोण खेळलं नाही? खुणेच्या गोटीजवळ ज्याची गोटी जाईल तो जिंकला. हा खेळ त्याच जातीचा. जमीन जाजमासारखी सपाट, वर बारीक कापलेली हिरवळ. एका टोकाला लहानशी चटई. चटईवरून आधी एक लहान चेंडू घरंगळत सोडायचा. त्याला जॅक म्हणतात. तो निदान २३ मीटर, म्हणजे सुमारे पाऊणशे फूट, लांब जायला हवा. मग दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं मोठे गोळे सोडायचे. फेकायचे नाहीत, घरंगळत सोडायचे. एकेक गोळा दीड किलोच्या आतबाहेर असतो.

यात एक गंमत आहे. गोळा दोन्ही अंगांनी सारखा गोल नसतो. म्हणून तो सरळ सोडला तरी वेग कमी झाला की एका अंगाला वळतो. एकीकडे ओढणारा बैल असतो ना, तसा. तो किती वळेल याचा अंदाज बांधण्यातच सारं कौशल्य आहे.

सगळे गोळे थांबले की हिशेब. जॅकच्या सगळ्यात जवळ ज्या बाजूचा गोळा, ती फेरी त्या बाजूची. समजा, लाल बाजूचे दोन गोळे जवळ आहेत, आणि निळ्या बाजूचा सगळ्यात जवळचा गोळा त्या दोन्हींपेक्षा लांब आहे. मग लाल बाजूला दोन गुण.

आता पंचाकडे येऊ. पुष्कळदा त्याला बोलवावंच लागत नाही. आधी दोन्ही बाजूंचे खेळाडू आपसांत ठरवतात. "हा तुमचा, मान्य." तेवढ्यात काम भागतं. मला या खेळातली ही रीत फार आवडते. दोघांचं जुळलं नाही, तरच मोजायला पंच येतो.

तो आला की खेळाडू मागे सरकतात. कोणते गोळे मोजायचे, ते तो विचारून घेतो. मग खाली बसतो, वेळ पडली तर पोटावर पडतो. जवळ मोजायची दोरी असते. ती जॅकपासून एका गोळ्यापर्यंत ताणतो, मग दुसऱ्या गोळ्यापर्यंत. अंतर फार थोडं असेल तर कॅलिपर काढतो. त्याहूनही थोडं असेल तर फीलर गेज. चाकणच्या एमआयडीसीत ज्यांची मुलंमुली कामाला आहेत, त्यांच्या घरी ही नावं ऐकलेली असतील. दोन भागांत किती फट आहे, ते पाहायच्या त्याच पातळ पट्ट्या. कारखान्यात त्या यंत्राच्या फटीत घालतात, इथं चेंडूच्या आणि गोळ्याच्या.

एखादा गोळा दुसऱ्यावर रेलून उभा असतो. मोजताना तो लवंडला तर? म्हणून पंचाजवळ लहान पाचरीही असतात. पाचर हलकेच लावायची, मग मोजायचं. दोरीचा धक्का जॅकला लागता कामा नये. एवढं करून अंतर अगदी सारखं भरलं, तर त्या दोन गोळ्यांत कोणाचीच सरशी नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? डोळ्यांना दिसत नाही का? दिसतं, पण जिथून बघावं तसं दिसतं. बांधाच्या या अंगाला उभं राहिलं की बांध आपल्याच रानात सरकल्यासारखा वाटतो. त्या अंगाला गेलं की उलटं. चाकणच्या बाजारात कांद्याचं वजन होतं, तेव्हा शेतकरी आणि व्यापारी दोघंही काट्याकडे बघतात. तोलणाऱ्याच्या तोंडाकडे कोणी बघत नाही.

२ ऑगस्ट २०२२ या दिवशी इंग्लंडमध्ये आपल्या चार बायका अखेरचा सामना खेळल्या. लवली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की. लवली चौबे झारखंडच्या पोलिसांत शिपाई होत्या, पिंकी दिल्लीतल्या शाळेत खेळ शिकवत होत्या. समोर दक्षिण आफ्रिका. आपल्या बायकांनी १७ विरुद्ध १० गुणांनी सामना जिंकला आणि सुवर्णपदक आणलं. या खेळातलं भारताचं ते पहिलंच पदक. एकेक गुण म्हणजे जॅकजवळ थांबलेला एकेक गोळा. वर्षानुवर्षांची मेहनत, आणि निकाल बोटभर अंतरावर! तिथं पंचानं नुसत्या अंदाजानं बोट दाखवलेलं कोणाला चाललं असतं? हरणाऱ्यांनाही नाही, आणि खरं म्हणजे जिंकणाऱ्यांनाही नाही.

पंचाची नजर आणखीही ठिकाणी लागते. गोळा सोडताना खेळाडूचा एक पाय चटईवर किंवा चटईच्या वर असायला हवा. चुकलं तर आधी ताकीद मिळते, पुन्हा चुकलं तर तो गोळा बाद होऊ शकतो. हिरवळीच्या टोकाला चर असतो. चरात गेलेला गोळा मेला. पण सरळ जाताना जो जॅकला शिवून गेला, तो चरात पडला तरी जिवंत. म्हणून शिवलेल्या गोळ्यावर खडूची खूण करतात. नाहीतर मागून कोणीही म्हणेल, "माझाही शिवला होता."

गुणांचा कागद मात्र पंच एकटा लिहीत नाही. चौघांच्या खेळात दोन्ही बाजूंचा एकेक खेळाडू आपापला कागद लिहितो. दर फेरीला दोघं कागद ताडून पाहतात. सामना संपला की दोन्ही बाजूंचे पुढारी त्यावर सही करतात. तोंडी हिशेबाला तिथं जागा नाही.

असा पंच व्हायला मोठा खेळाडू असावं लागत नाही. बायकाही हे काम करतात. मात्र नियमांचं पुस्तक वाचावं लागतं, परीक्षा द्यावी लागते. पेपर लिहायचा, आणि मग हिरवळीवर जाऊन, काहीही न हलवता, परीक्षकासमोर मोजून दाखवायचं.