बंदुकीच्या कपाटाचे कुलूप

(जिल्हा बैठकीतील भाषण)



भावावर आणि कर्जावर बोलणारे आज पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे कुलपावर. हसू नका. शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचे परवानेवाले इथे किती बसले आहेत ते मला दिसते आहे.

१९५९ च्या शस्त्र कायद्याने पिकाच्या राखणीसाठी आपल्या हाती ठेवली ती ठासणीची बंदूक. रानडुक्कर मारायचे तर वनखात्याची परवानगी हवी. तेव्हा बहुतेक रात्री काम एवढेच, बार काढायचा आणि कळप हुसकायचा. २०१६ च्या शस्त्र नियमांनी बंदूक सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्रही आपल्याकडून घेतले. पीक वाचेल याची हमी आपल्याला कुणी दिली नाही, ते राहू द्या. सही केली म्हणून लोकांनी पोलादी कपाटे आणली. अलीकडे आकडे दाबायची, बोट टेकवायची कुलपे आली.

मध्यरात्री डुकरे भातात शिरतात. घरधनी आकडे दाबतो, कुलूप टिकटिक करते, मूठ काही फिरत नाही. सकाळी भात झोपलेले. दुसऱ्या रात्रीपासून तो माणूस कपाट नुसते लोटून ठेवतो. मला भीती या लोटलेल्या दाराची वाटते. घरात नातवंडे असतात, आणि ठासून ठेवलेली बंदूक पोर ओळखत नाही.

कुलूप अडते का? बहुतेक वेळा सेल उतरलेला असतो. आकड्यांची टिकटिक थोड्या विजेवर चालते, खिट्टी ओढायला जास्त वीज लागते. म्हणून आवाज येतो आणि दार उघडत नाही. स्वस्तातला सेल पावसाळ्यात पाझरतो आणि टोके गंजवतो. चांगला सेल घ्या, मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीला एकदा बदला, जुना संपायची वाट पाहू नका. कधी आतला दस्ता दाराला रेटत असतो आणि खिट्ट्या दाबल्या जातात. अशा वेळी दार आत दाबून मूठ फिरवा. किल्लीच्या कुलपात खोबरेल ओतू नका, धूळ चिकटून ते आणखी जड होते. शिसपेन्सिलीची पूड फुंका. आणि जादा किल्ली त्याच कपाटात ठेवणारे शहाणेही आपल्यात आहेत!

न उघडणाऱ्या कुलपाहून वाईट म्हणजे कुणालाही उघडणारे कुलूप. अमेरिकेत ऑक्टोबर २०२३ मध्ये बोटाच्या ठशावर चालणाऱ्या सुमारे ६१ हजार बंदूकपेट्या परत मागवाव्या लागल्या. ठसा नीट नोंदला गेला नसेल, तर ती पेटी कुणाच्याही बोटाने उघडे. मालक मात्र समजत की आपला ठसा नोंदला आहे. एका १२ वर्षांच्या मुलाचा जीव त्यात गेला. तेव्हा असे कुलूप घरी आले की बायकोचे, शेजाऱ्याचे, पोराचे बोट लावून पाहा. आकड्यांचे असेल तर कारखान्याचा आकडा त्याच दिवशी बदला. माझे मत विचाराल तर आपल्या दमट हवेत दणकट किल्लीचे कुलूप बरे. किल्ली मात्र देवळीत नको, कमरेला हवी.

आता जिवावरची गोष्ट. कुलूप अडले की आपण वेल्डिंगवाल्याला हाक मारतो. त्याच कपाटात दारू आणि केपा असतील तर गॅसची ज्योत किंवा ग्राइंडरची ठिणगी म्हणजे घर उडालेच. घट्ट पोलादी पेटीत कोंडलेली दारू पेटली तर ती पेटी बॉम्बच होते. दारू वेगळ्या लाकडी पेटीत, चुलीपासून लांब, कुलपात ठेवा. आत काय आहे याची खात्री नसेल तर कापायला हात लावू देऊ नका, कुलपाचा कारागीर आणा.

असा कारागीर प्रत्येक गावात मिळत नाही. तालुक्यातल्या दहा-वीस परवानेवाल्यांनी मिळून एक ठरवा, मे महिन्यात त्याला घरोघर फिरवा, मजुरी वाटून घ्या. ज्यांची तयारी असेल त्यांनी सभा संपल्यावर टेबलाजवळच्या वहीत नाव आणि गाव लिहावे.