ठिपके गुरूचे, रेषा शिष्याच्या

पीएच.डी.चा विषय ठरवताना आपले मार्गदर्शक आधी पाहतात ते काम वेळेत उरकेल का. ‘असं होऊच शकत नाही’ या उत्तराकडे नेणारा प्रश्न मग बाजूला पडतो. माझा आग्रह आहे की बीजगणिती कॉम्बिनेटोरिक्समध्ये विद्यार्थी घडतो तो अशाच प्रश्नावर. नागपुरात शिकलेले गणितज्ञ शरदचंद्र श्रीखंडे यांनी १९५० साली अमेरिकेत चॅपल हिलला राजचंद्र बोस यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली. श्रीखंडे यांच्या त्याच वर्षीच्या निबंधात काही रचना अशक्य असल्याची सिद्धता आहे. २२ वस्तूंचे २२ गट करा, प्रत्येकात ७ वस्तू, आणि कुठल्याही दोन गटांत नेमक्या २ सामाईक. साधे हिशेब सगळे जुळतात, तरी असे गट बनत नाहीत, कारण वस्तूंची संख्या सम असेल तर ७ मधून २ जाऊन उरणारा आकडा पूर्ण वर्ग असावा लागतो; २२ सम आहे, पण उरणारे ५ हा पूर्ण वर्ग नाही. कोणती वस्तू कोणत्या गटात आहे, याच्या सारणीचा निश्चयक काढला की हे उघड होतं. हा ‘नाही’ म्हणजे अपयश नव्हे, हे सिद्ध झालेलं ज्ञान आहे.

याच्या पुढची पायरी १९५९ ची. चार आडव्या ओळी, चार उभ्या रांगा अशी सोळा ठिपक्यांची रांगोळी घ्या. एकाच ओळीतले किंवा एकाच रांगेतले ठिपके रेषेने जोडा. प्रत्येक ठिपक्यातून ६ रेषा निघतात आणि कुठल्याही दोन ठिपक्यांना नेमके २ सामाईक शेजारी असतात. या आकड्यांवरून रांगोळी ओळखता येते का? चार सोडून इतर कुठल्याही आकाराच्या चौरसात येते, हे श्रीखंडे यांनी सिद्ध केलं. चारला मात्र दुसरी रांगोळी निघते. तिचे आकडे तेच, कोणता ठिपका कोणाला जोडला आहे याच्या सारणीची आयगेनमूल्यंही तीच, पण तिच्यात एकमेकांना जोडलेले चार ठिपके कुठेच सापडत नाहीत. आज तिला श्रीखंडे आलेख म्हणतात. बीजगणित कुठवर पोचतं आणि कुठे थांबतं, हे त्या एका अपवादाने शिकवलं. पुन्हा सांगतो, अपवाद झाकायचा नसतो, तोच शिकायचा असतो.

यावर कोणी म्हणेल, विद्यार्थ्याला नोकरी हवी, शोधनिबंध हवेत, बिकट प्रश्नावर वर्षं गेली तर? शंका रास्त आहे. पण या रांगोळीचा प्रश्नच पाहा. चारचा चौरस वेगळा, पाचचा वेगळा. प्रत्येक टप्प्यावर हाती काही तरी पडतं. मार्गदर्शकाने ठिपके असे मांडावेत की शिष्याला आज एक रेषा काढता येईल आणि उद्या दुसरी. रेषा मात्र त्याच्या हातून काढून घेऊ नयेत! दुसरा आक्षेप असा की बोस यांच्यासारखा गुरू सगळीकडे कुठून आणायचा? पण हे सोबतीनंही साधतं. ऑयलर यांनी १७८२ साली लॅटिन चौरसांबद्दल ‘नाही’ म्हणून मांडलेला अंदाज १९५९ साली बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी मोडला, तेव्हा शिष्य गुरूच्या बरोबरीने काम करत होता. पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाल्यावर श्रीखंडे यांनी नवीन सिंघी यांच्यासारखे शिष्य घडवले आणि त्यांच्यासोबत निबंधही लिहिले.

मार्गदर्शकांनो, पुढच्या विद्यार्थ्याला एक तरी प्रश्न असा द्या, ज्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही.