मोर्स शिकवणारा प्रोग्रॅम : पडद्यासाठी आणि आवाजासाठी लायब्ररी निवडताना

मी भिलाईहून बोलतोय. लष्करातून निवृत्त झाल्यावर सी-प्लस-प्लस शिकलो आणि सध्या मोर्स शिकवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहितोय. हौसेचं काम आहे. मुदत नाही, वरिष्ठ नाहीत. वापरणारी माणसं मात्र खरी आहेत. हॅम रेडिओच्या तयारीसाठी संध्याकाळी माझ्याकडे पाच-सहा मुलं येतात. कुणाकडे विंडोज, कुणाकडे लिनक्स, एकाकडे मॅक. त्यांतल्या एकाला अजिबात दिसत नाही. मोर्स ही कानाची विद्या, तिथे त्याचं काही अडत नाही. अडतं ते प्रोग्रॅमच्या बटणांपाशी.

तिन्हीकडे चालणारा एकच कोड हवा तर लायब्ररी घ्यावी लागते. जाणकारांना विचारलं की हमखास एसडीएल आणि डिअर इमगुई ही नावं येतात. दोन्ही चांगल्या आहेत. एसडीएल तर १९९८पासून आहे, कितीतरी खेळ तिच्यावर चालतात. पण इमगुईची बटणं ती लायब्ररी स्वतःच रंगवते. तुम्हा-आम्हाला ते बटण दिसतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी तो नुसता रंगीत चौकोन. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, अशा चौकोनापुढे गप्प बसतो. त्या मुलासाठी माझा प्रोग्रॅम म्हणजे बंद दार.

दुसरी गोष्ट आपल्या लिपीची. 'कि' लिहिताना वेलांटी कोडमध्ये क-नंतर येते, पण काढायची असते आधी. जोडाक्षरांचं तसंच. ही जुळणी करायला वेगळं यंत्र लागतं. हार्फबझ हे त्यातलं प्रसिद्ध नाव. इमगुईमध्ये ती जुळणी होत नाही, अक्षरं आली तशी एकामागे एक मांडली जातात. तुमची लायब्ररी तपासायला एक वाक्य देतो : 'आचार्यांना बोलवा, आचाऱ्यांना नको.' पहिल्यात रफार हवा, दुसऱ्यात अर्धा ऱ. इथे छत्तीसगडमध्ये कुणी हिंदी मजकूर टाकून तपासलं तर सगळं ठीकच वाटेल, कारण हा अर्धा ऱ हिंदीत लागत नाही. आपल्या चुका आपणच शोधायच्या.

मग उरतात क्यूट आणि डब्ल्यूएक्सविजेट्स. क्यूट नॉर्वेची, १९९५ची. तीही बटणं स्वतः रंगवते, पण स्क्रीन रीडरला त्यांची माहिती देते, आणि तिच्यात आवाजाची सोयही आहे. मोठं काम असतं तर मी तीच घेतली असती. डब्ल्यूएक्सविजेट्स १९९२ची, एडिंबरा विद्यापीठात सुरू झालेली. ती विंडोजवर विंडोजचंच बटण मागून घेते, मॅकवर मॅकचं, लिनक्सवर जीटीकेचं. त्यामुळे वाचून दाखवणं आणि देवनागरीची जुळणी, दोन्ही त्या त्या सिस्टिमकडून मिळतं. आणखी एक गोष्ट माझ्यासाठी निर्णायक ठरली. एनव्हीडीए हा विंडोजवरचा मोफत स्क्रीन रीडर आहे. त्याच्या स्वतःच्या खिडक्या डब्ल्यूएक्सच्याच पायथन रूपात बांधल्या आहेत. ज्यांचं रोजचं काम यावर चालतं, त्यांनी ती पारखून घेतलेली आहे. दिसायला थोडी जुनाट आहे, असू दे.

आता आवाज. डब्ल्यूएक्समध्ये छोटी वेव्ह फाइल वाजवता येते. मोर्सला तेवढं पुरत नाही. मिनिटाला २० शब्दांच्या वेगात एक डिट ६० मिलिसेकंदांचा, डा त्याच्या तिप्पट. पुष्कळजण टायमर लावून आवाज चालू-बंद करतात. विंडोजचा साधा टायमर बऱ्याचदा १५-१६ मिलिसेकंदांच्या टप्प्याने चालतो. म्हणजे डिटचा चौथा हिस्सा इकडेतिकडे! कानाला लय चुकीची बसली की पुढे सुटत नाही. आमच्या सिग्नल्सच्या उस्तादांना हे चांगलं ठाऊक होतं. म्हणून घड्याळाच्या भरवशावर राहायचं नाही, नमुने मोजायचे. सेकंदाला ४८,००० नमुने, तर ६० मिलिसेकंदांचे बरोबर २,८८०. तेवढे भरले की डिट संपला. सुरुवातीला आणि शेवटी पाचेक मिलिसेकंद आवाज चढता-उतरता ठेवा, नाहीतर टकटक ऐकू येते.

असे नमुने थेट हातात देणारी लायब्ररी हवी. पोर्टऑडिओ जुनी आणि भरवशाची आहे. मी मिनीऑडिओ घेतली : सगळा कोड एकाच फाइलमध्ये, वेगळं काही बसवायला नको, परवान्याची कटकट नाही. ५१२ नमुन्यांचा बफर म्हणजे साधारण ११ मिलिसेकंद. नुसतं ऐकायचं असेल तर मोठा बफरही चालतो. विद्यार्थी स्वतः की दाबून पाठवू लागला की लहानच लागतो, नाहीतर बोट आधी आणि आवाज मागून. ब्लूटूथचे हेडफोन तर त्या वेळी काढूनच ठेवा. शंभर मिलिसेकंदांच्या पुढे उशीर सहज होतो. वायरवाले घ्या.

एक पेच मात्र फक्त त्या मुलामुळे कळतो. स्क्रीन रीडर बोलतो आणि मोर्स वाजतं ते एकाच कानात. त्यामुळे पाच अक्षरांचा गट वाजत असताना पडद्यावर काहीही बदलायचं नाही, उत्तर तपासून निकाल गट संपल्यावर दाखवायचा. हे तुम्हाला कुठलीच लायब्ररी करून देत नाही. पुढच्या भागात बफर भरणारं फंक्शन आणि ही थांबण्याची सोय, दोन्हींचा कोड ओळीओळीने पाहू.