इंग्रजीतील ‘पूर्वी’

मराठीतील ‘पूर्वी’ हा शब्द मोठा सोशिक आहे. ‘दोन वर्षांपूर्वी’, ‘सूर्योदयापूर्वी’, ‘पूर्वी येथे विहीर होती’, ‘हे मी पूर्वी ऐकले आहे’, या चारही ठिकाणी तो विनातक्रार राबतो. इंग्रजीत मात्र पहिल्या जागी ‘अगो’ लागतो, दुसऱ्या जागी ‘बिफोर’, तिसऱ्या जागी ‘यूज्ड टू’; आणि चौथ्या जागी ‘बिफोर’ पुन्हा आला तरी क्रियापदाला निराळे रूप घ्यावे लागते. विद्यार्थी या शब्दांची यादी पाठ करतात आणि लिहावयास बसले की अडखळतात. यात त्यांच्या स्मरणशक्तीचा दोष नाही. गतकाळाविषयी बोलताना इंग्रजी भाषा दोन प्रश्न विचारते, आणि ते प्रश्न त्यांना कोणी सांगितलेले नसतात. पहिला प्रश्न : तुम्ही कोठे उभे राहून मागे मोजता? दुसरा : तो काळ संपला, की त्याचे टोक आजला लागून आहे?

पहिला प्रश्न घेऊ. ‘अगो’ हे मुळात जुन्या इंग्रजीतील ‘निघून जाणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे रूप आहे. ‘टू इयर्स अगो’ म्हणजे ‘दोन वर्षे गेली’. आपण ‘गेल्या वर्षी’ म्हणतो, त्यातही काळ असाच चालत गेलेला आहे. हे मोजमाप नेहमी बोलणाऱ्याच्या आजपासून होते. ‘बिफोर’ मात्र दुसऱ्या एखाद्या घटनेपासून मागे मोजतो. गोवा मुक्त झाला १९६१ साली. भारत स्वतंत्र झाला त्याआधी चौदा वर्षे. येथे इंग्रजीत ‘फोर्टीन इयर्स बिफोर’ असेच म्हटले पाहिजे. हे वाक्य शंभर वर्षांनी वाचले तरी खरेच राहील. ‘अगो’ घातलेले वाक्य मात्र दर वर्षी शिळे होते. म्हणून इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत ‘अगो’ जपून वापरावा आणि शक्य तेथे सरळ सन लिहावा.

‘बिफोर’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘समोर’ असा आहे, ही एक मौजेची गोष्ट. इंग्रजाची आधीची घटना अशी समोर उभी असते, तर आपण ‘मागे एकदा असे झाले’ म्हणतो. मात्र हसण्याचे कारण नाही. आपल्या ‘पूर्व’ शब्दातही ‘समोरचा’ हा अर्थ आहेच. सूर्याकडे तोंड करून उभे राहिलेल्या माणसाची समोरची दिशा ती पूर्व, आणि जे आधी घडले तेही पूर्वीचे.

आता दुसरा प्रश्न. आपल्याकडची बरीच चुकीची इंग्रजी वाक्ये येथे जन्मास येतात. ‘मी त्याला दोन वर्षांपूर्वी पाहिले आहे’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. त्यातील ‘आहे’ इंग्रजीत नेऊन विद्यार्थी ‘आय हॅव सीन हिम टू इयर्स अगो’ असे लिहितो. परंतु ‘अगो’ने त्या काळाचे दार लावून घेतलेले असते, आणि ‘हॅव’ला ते दार उघडे हवे असते. दोघे एका वाक्यात नांदत नाहीत. येथे ‘आय सॉ हिम’ एवढेच पुरे. काळ सांगावयाचा नसेल तर मात्र ‘आय हॅव सीन हिम बिफोर’ हे अगदी योग्य.

तसेच ‘मी दहा वर्षांपासून येथे राहतो’ हे आपले साधे वर्तमानकाळी वाक्य. त्याचे ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ होते, आणि त्यात दोन चुका होतात. ‘सिन्स’चा मूळ अर्थ ‘त्यानंतर’. त्याला आरंभाचा क्षण लागतो : सोमवार, १९९०, लग्नाचा दिवस. दहा वर्षे हा क्षण नव्हे, ती लांबी आहे. लांबीला ‘फॉर’ हवा. आणि राहणे पूर्वी सुरू होऊन आजवर चालू आहे, म्हणून ‘हॅव बीन लिव्हिंग’. क्षणाला ‘सिन्स’, लांबीला ‘फॉर’, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ काम भागते.

हा केवळ व्याकरणाचा काथ्याकूट नव्हे. नोकरीच्या अर्जात एखादी शिक्षिका ‘आय वॉज अ टीचर फॉर फाइव्ह इयर्स’ असे लिहिते. तिला म्हणावयाचे असते की पाच वर्षे मी शिकवीत आहे. वाचणारा समजतो की बाईंनी शिकविणे सोडले आहे. तेथे ‘हॅव बीन’ हवे होते. एका क्रियापदापायी तिची चालू नोकरी कागदावर संपून जाते, आणि खुलासा करण्यास ती समोर नसते.

‘यूज्ड टू’ मात्र आपल्याला अवघड जाऊ नये. ‘आजोबा रोज नदीवर जात’, ‘आई पहाटे दळी’ हा आपला रीतिभूतकाळ. पूर्वीची सवय, आता नाही, हा अर्थ इंग्रजीत ‘यूज्ड टू’ देतो. शिक्षकांनी येथून आरंभ केला तर मुलांना परक्या भाषेत आपले माणूस भेटल्यासारखे वाटेल.

माणसांच्या व संस्थांच्या आधी येणारे शब्द तर अधिकच जपून वापरावेत. ‘फॉर्मर’ आणि ‘एक्स’ म्हणजे माजी; माणूस हयात असू शकतो, पद गेलेले असते. ‘लेट’ म्हणजे दिवंगत. माजी मुख्याध्यापकांच्या नावामागे निमंत्रणपत्रिकेत ‘लेट’ छापले गेले तर त्यांनी समारंभास कोणत्या तोंडाने यावे? ‘अर्स्टव्हाइल’ हा शब्द विलीन संस्थानांच्या संदर्भात आपल्या इंग्रजी वृत्तपत्रांत फार आढळतो. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतरच्या लिखाणात ते ‘अर्स्टव्हाइल’ झाले. अर्थ ‘एके काळचे’ एवढाच. साध्या लेखनात ‘फॉर्मर’ने काम होते.

शेवटी एक फसवा शब्दप्रयोग. ‘दि अदर डे’ याचे भाषांतर मुले ‘दुसऱ्या दिवशी’ असे करतात आणि गोष्ट एक दिवस पुढे सरकते. वास्तविक त्याचा अर्थ ‘अलीकडेच एकदा’. आपण ‘परवाच ते भेटले होते’ असे म्हणतो तेव्हा दिवस मोजलेले नसतात. तोच हा ‘परवा’. मात्र नेमका परवाचा दिवस सांगावयाचा झाला तर इंग्रजाला ‘द डे बिफोर यस्टरडे’ असे चार शब्द खर्चावे लागतात. आपला परवा एका शब्दात भागतो. परंतु तो गेलेला की येणारा, हे क्रियापदावरूनच कळते.

प्रत्येक भाषेची अशी कोठे उधळपट्टी असते, तर कोठे काटकसर. म्हणून श्रोतेहो, इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वी शब्द शोधू नये. आधी स्वतःची जागा शोधावी. मी आजमध्ये उभा आहे की त्या घटनेपाशी? मागचे दार लागले आहे की उघडे आहे? ही दोन उत्तरे मनात स्वच्छ असली की योग्य शब्द शोधणे कठीण राहत नाही.