बालवयातील गुन्हा आणि सुटकेचा हक्क



१७ नोव्हेंबर २०२१ रोजी अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील अँगोला तुरुंगातून हेन्री माँटगोमेरी नावाचा ७५ वर्षांचा एक कृष्णवर्णीय वृद्ध बाहेर पडला. १९६३ साली त्याला पकडले तेव्हा तो १७ वर्षांचा होता. मधली सुमारे ५८ वर्षे त्याने गजाआड काढली. ज्या पोराने एका गोऱ्या पोलीस अधिकाऱ्यावर गोळी झाडली, तो पोर आणि हा म्हातारा यांच्यात नावाखेरीज कितीसे साम्य उरले होते? अजाण वयात घडलेल्या अपराधाची शिक्षा माणसाने कुठवर भोगायची, आणि तो बदलला आहे किंवा नाही हे समाजाने कधीतरी तपासून पाहायचे की नाही, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

माँटगोमेरीचा गुन्हा लहान नव्हता. एका माणसाचा जीव गेला आणि त्याची मुले पोरकी झाली. पहिल्या खटल्यात त्याला फाशीची शिक्षा झाली. परंतु गावातील वातावरण इतके तापलेले होते की निःपक्षपाती न्याय अशक्य होता, असे मानून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. दुसऱ्या खटल्यात फाशी टळली, पण कायद्यानुसार सुटकेची आशा नसलेली जन्मठेप आपोआप लागू झाली. आरोपीचे वय काय, तो कोणत्या घरात वाढला, त्याची समज किती, यांतील एकही गोष्ट शिक्षा ठरविताना न्यायालयापुढे मांडण्यास वाव नव्हता.

येथे एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रातील तुरुंगांत पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. घरातील मृत्यू, आजारपण अशा कारणासाठी बंदी काही दिवस बाहेर येतो आणि पुन्हा आत जातो. अमेरिकेत पॅरोलचा अर्थ याहून निराळा आहे. तेथे ती शिक्षेचा उरलेला काळ देखरेखीखाली बाहेर घालविण्याची मुभा असते. तिचा निर्णय एक मंडळ करते. भारतात त्याच्या जवळची गोष्ट म्हणजे शिक्षेत सूट देऊन केलेली मुदतपूर्व सुटका. म्हणून ‘पॅरोलला पात्र’ याचा अर्थ ‘सुटला’ असा होत नाही. ठरावीक वर्षांनंतर त्याचे म्हणणे ऐकले जाईल, एवढेच त्यात अभिप्रेत आहे. अमेरिकेत १८ वर्षांखालील हजारो गुन्हेगारांना हे ‘एवढेच’ देखील नाकारण्यात आले होते. २०१२ साली अशा बंदिवानांची संख्या सुमारे अडीच हजार होती.

तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा दरवाजा एकदम उघडला नाही. २००५ साली अल्पवयीनांची फाशी घटनाबाह्य ठरली. २०१० साली ज्या गुन्ह्यात मनुष्यवध नाही, त्यासाठी अल्पवयीनाला आशाशून्य जन्मठेप देता येणार नाही, असा निर्णय झाला. २०१२ साली मिलर खटल्यात, खुनाच्या गुन्ह्यातही अशी शिक्षा कायद्याने आपोआप लादता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. एव्हान मिलर हा गुन्ह्याच्या वेळी १४ वर्षांचा होता. या निकालांमागचा विचार कोणत्याही शाळामास्तराला ठाऊक असलेला आहे. पोरवयात उतावीळपणा असतो, परिणामांची जाण कमी असते, संगतीचा पगडा मोठा असतो. आणि ज्या घरात मारझोड चालते ते घर सोडून जाण्याची सोय मुलाला नसते. परंतु त्याच वयात बदलण्याची शक्तीही सर्वांत अधिक असते. २०१६ साली माँटगोमेरीच्याच खटल्यात, मिलर निकालाचा लाभ जुन्या बंदिवानांनाही मिळाला पाहिजे, असे न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरविले. त्यानंतर हजाराहून अधिक माणसे बाहेर आली. आज अमेरिकेच्या निम्म्याहून अधिक राज्यांनी अल्पवयीनांसाठी ही शिक्षा पूर्णपणे बंद केली आहे. कॅलिफोर्नियाने तर २०१३ साली अल्पवयात गुन्हा केलेल्या बंदिवानांसाठी स्वतंत्र सुनावणीची तरतूद केली आणि पुढे तिचा लाभ २५ वर्षे वयापर्यंतच्या गुन्हेगारांना दिला.

पण हक्क कागदावर आला म्हणजे हातात आला असे नव्हे. ज्याच्या नावाने खटला जिंकला गेला, त्या माँटगोमेरीचा अर्ज पॅरोल मंडळाने २०१८ आणि २०१९ असा दोनदा फेटाळला. त्याने तुरुंगातील सुधारणेचे वर्ग पुरेसे केले नाहीत, असा एक आक्षेप होता. त्याच्या वकिलांचे उत्तर असे की, ज्याला मरेपर्यंत आतच राहायचे आहे अशा कैद्याला कित्येक दशके असे वर्ग उपलब्धच नव्हते. ज्याला शिकू दिले नाही त्यालाच तू शिकला नाहीस म्हणून दोष देण्याचा हा प्रकार होता. न्यायालयाचा निकाल आणि त्याची प्रत्यक्ष सुटका यांत जवळजवळ सहा वर्षे गेली. त्याच २०२१ सालच्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बदललेल्या बहुमताने आणखी एक निकाल दिला. मुलगा कधीच सुधारणार नाही असा स्वतंत्र निष्कर्ष न नोंदविताही न्यायाधीश त्याला आशाशून्य जन्मठेप देऊ शकतो, असे त्या निकालाने ठरविले. मिळविलेला हक्क राखला नाही तर तो कसा झिजतो, याचे हे उदाहरण.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. ज्यांच्या घरातील माणूस मारला गेला त्यांनी काय करावे? माँटगोमेरीच्या सुटकेला मृत अधिकाऱ्याच्या कुटुंबीयांनी विरोध केला. त्यांच्या दुःखाला मुदत नाही, आणि तत्त्वज्ञानाचे डोस पाजून ते हलके करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु शिक्षा राज्यसंस्था देते ती सर्व समाजाच्या वतीने, आणि म्हणून तिचे मोजमाप केवळ दुःखाने करता येत नाही. सुनावणीत पीडितांचे म्हणणे ऐकले गेलेच पाहिजे. धोका शिल्लक असेल तर सुटका नाकारता येते. मागणी एवढीच आहे की, चौदाव्या वा सोळाव्या वर्षी काढलेला निष्कर्ष साठाव्या वर्षीही तपासून पाहायचा नाही, असा नियम नसावा.

भारताने या बाबतीत कायद्यात चांगली भूमिका घेतली आहे. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९९२ साली मान्यता दिली. अमेरिकेने त्यावर सही केली, पण त्याला अधिकृत मंजुरी मात्र दिलेली नाही. भारताच्या २०१५ सालच्या बालन्याय कायद्याच्या कलम २१ नुसार १८ वर्षांखालील मुलाला फाशी देता येत नाही आणि सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेपही देता येत नाही. मात्र दिल्लीतील २०१२ च्या भीषण घटनेनंतर उसळलेल्या संतापातून याच कायद्याने १६ ते १८ वयाच्या मुलांवर, गुन्हा अतिगंभीर असल्यास, प्रौढांप्रमाणे खटला चालविण्याची वाट मोकळी केली. असा मुलगा २१ वर्षांचा होईपर्यंत सुरक्षित स्थळी राहतो. शिक्षा उरली असेल तर तो सुधारला आहे काय याची बाल न्यायालय तपासणी करते, आणि मग त्याची सुटका होते किंवा रवानगी तुरुंगात होते. म्हणजे पॅरोलच्या सुनावणीसारखीच ही कसोटी आहे. त्या स्थळी शिक्षक नसेल, हाताला काम नसेल, समुपदेशक वर्षातून एकदा तोंड दाखवीत असेल, तर मुलाच्या सुधारणेचा अहवाल कशाच्या आधारे लिहिणार? माँटगोमेरीला न मिळालेल्या वर्गांची कथा येथेही घडू शकते.

त्याहूनही कठीण प्रश्न वयाच्या पुराव्याचा आहे. १९९४ साली पुण्यात एकाच घरात पाच स्त्रिया आणि दोन मुले यांची हत्या झाली. त्या प्रकरणातील एका आरोपीला सज्ञान मानून १९९८ साली फाशीची शिक्षा झाली आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. राजस्थानातील त्याच्या शाळेची नोंद पुढे आली, चौकशी झाली, आणि मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने मान्य केले की गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय अवघे साडेबारा वर्षांचे होते. कायद्याप्रमाणे त्याला तीन वर्षांपलीकडे डांबून ठेवता येत नव्हते. त्याने अठ्ठावीस वर्षे काढली, आणि त्यांतील कित्येक फाशीच्या छायेत. डेहराडूनच्या १९९४ च्याच एका खुनाच्या प्रकरणात गुन्ह्याच्या वेळी १४ वर्षांच्या असलेल्या मुलाला फाशी झाली. २०१२ साली राष्ट्रपतींनी ती जन्मठेपेत बदलली, पण वयाची साठ वर्षे पूर्ण होईपर्यंत सुटका नाही अशी अट घातली. वयाचा मुद्दा त्याने पुन्हा पुन्हा मांडला. बँकेत खाते आहे म्हणजे तो सज्ञान असला पाहिजे, असाही तर्क त्याच्याविरुद्ध वापरला गेला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मुक्त केले. तोवर सुमारे पंचवीस वर्षे निघून गेली होती.

या दोन्ही प्रकरणांत कायदा मुलाच्या बाजूचा होता. वय सिद्ध करणारा कागद मात्र वेळेवर कोणी शोधला नाही. सुखवस्तू घरातील मुलाचा जन्मदाखला वडिलांच्या कपाटात असतो आणि वकील पहिल्याच दिवशी तो न्यायालयात ठेवतो. ऊसतोडीच्या फडावर जन्मलेल्या, हॉटेलात कपबशा विसळण्यासाठी परगावाहून आलेल्या, शाळा अर्ध्यावर सुटलेल्या मुलाचे वय पोलीस अंदाजाने लिहितात, आणि तो अंदाजच त्याचे नशीब ठरतो. समान कायद्याच्या पोटात दडलेली ही विषमता समाजवादी कार्यकर्त्याला दिसली पाहिजे.

माणसावर विश्वास ठेवण्याची परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. १९३९ साली औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू केली. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या बंदिवानांना तेथे भिंतींशिवाय ठेवून शेतीला लावले. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून निघाला. आणीबाणीत येरवडा, नाशिकच्या तुरुंगांत राहिलेल्या कार्यकर्त्यांनी शेजारच्या बराकींतील साधे कैदी जवळून पाहिले. गुन्हा हे माणसाचे संपूर्ण चरित्र नसते, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकवावे लागले नाही.

तेव्हा पुढील काम स्पष्ट आहे. वयाचा दावा कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही, करता येतो अशी तरतूद कायद्यात आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मदतीने तुरुंगातील तरुण कैद्यांच्या वयाची पडताळणी करावी, मूळ गावच्या शाळेतील दाखलखारीज नोंद मिळवावी, आणि ती वकिलापर्यंत पोचवावी. निरीक्षणगृहांत आणि सुरक्षित स्थळी शिक्षण व समुपदेशन प्रत्यक्ष चालते काय, याचा जाब शासनाला विचारावा. आणि जो सुटून येईल त्याला गावात काम व निवारा मिळेल हे पाहावे, कारण बाहेर कोणी नसलेल्या माणसाला सुटका हीदेखील एक शिक्षाच होते.

डेहराडूनच्या त्या मुलाला गमावलेली वर्षे परत देता येणार नाहीत, हे न्यायालयानेही मान्य केले. जी वर्षे अजून गमावली गेलेली नाहीत, ती वाचविणे कार्यकर्त्यांच्या हाती आहे. त्याची सुरुवात जवळच्या तुरुंगाच्या दारातून आणि एखाद्या शाळेच्या जुन्या नोंदवहीतून होऊ शकते.